डबल काचेच्या खिडकीत आतून धुकं साचलंय? चौकट न बदलता काच कशी बदलायची

दोन काचांच्या मधे धुकं दिसलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. सिलिकॉनची नळी आणायची आणि बाहेरून काचेच्या चारही कडा भरून टाकायच्या. त्याने धुकं जात नाही. आतली ओल आतच राहते आणि चौकटीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची जी वाट होती, तीही बंद होते. दुसरा उपाय खिशाला महाग पडतो: अख्खी खिडकीच बदलायची. चौकट, ट्रॅक, जाळी, लॉक सगळं धड असताना हा खर्च कशासाठी?

बदलायचं असतं ते फक्त काचेचं युनिट. हे काम दोन माणसं घरी करू शकतात. मात्र क्रम चुकला, माप चुकलं किंवा मूळ कारण तसंच राहिलं, तर नवीन काचही काही पावसाळ्यांत तशीच धूसर होते. म्हणून या लेखात काच बसवण्यापेक्षा तिच्या आधीच्या कामावर जास्त लिहिलं आहे.

आधी एवढं समजून घ्या

डबल काच म्हणजे दोन काचा, मधे कडेने फिरणारी पोकळ स्पेसर पट्टी आणि त्या पट्टीत भरलेले ओल शोषणारे दाणे. पट्टी आणि काचेच्या मधला काळा ब्युटाइलचा थर बाहेरची ओल अडवतो. त्याच्याही बाहेर पॉलिसल्फाइडचा किंवा सिलिकॉनचा थर असतो, तो दोन्ही काचा धरून ठेवतो.

आपल्या विदर्भाच्या हवेत या कडांवर ताण जास्त येतो. हिवाळ्यात पहाटे १० अंशांवर असलेली आतली हवा दुपारच्या उन्हात ५० अंशांवर गेली, तर ती साधारण एक सप्तमांशाने फुगू पाहते. काचा बाहेर ढकलल्या जातात, रात्री पुन्हा आत ओढल्या जातात. हे रोज चालतं. कडेचा थर कुठे सुटला की रात्री आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर बाहेरची ओल आत जाते. आतले दाणे ती काही काळ शोषतात आणि एक दिवस भरून जातात. पावसाळ्यात आत गेलेली ओल बहुधा डिसेंबरच्या पहाटे दिसते, कारण काच तेव्हा थंड पडते. दुपारी धुकं नाहीसं झालं म्हणून काच दुरुस्त झाली असं समजू नका.

टप्पा १: धुकं नक्की कुठे आहे ते ठरवा

काचेवर खोलीच्या बाजूने बोट फिरवा, मग बाहेरून फिरवा.

खोलीच्या बाजूला रेघ उमटली तर ती घरातली वाफ आहे. चूल, आंघोळीचं पाणी, बंद खोलीत वाळत घातलेले कपडे किंवा उन्हाळ्यात दार-खिडकी लावून चालवलेला कूलर, यांतलं काहीतरी. कूलरला हवा बाहेर जायची वाट हवीच. बाहेरच्या बाजूला रेघ उमटली, तर पावसाळ्यात आत एसी चालू असल्यामुळे थंड काचेवर बाहेरची दमट हवा बसली आहे. या दोन्हींत काच बदलायची गरज नाही.

दोन्हीकडून बोट फिरवूनही धुकं तसंच राहिलं, तरच ते मधल्या पोकळीत आहे.

दिवसा काच स्वच्छ दिसत असेल तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर स्टीलच्या डब्यात बर्फ भरून तो काचेला पंधरा मिनिटं टेकवून ठेवा. डबा काढून काच पुसा. त्या जागी काचेच्या आतल्या अंगाला डाग उमटला, तर दाणे संपले आहेत. त्याच भिंतीवरच्या बाकी खिडक्याही याच पद्धतीने पाहून घ्या. पश्चिमेच्या खिडक्या आधी जातात, आणि दोन काचा एकाच खेपेत आणलेल्या परवडतात.

> थांबा: खिडक्यांचं बिल शोधा. वॉरंटी बाकी असेल तर काचेला चौकटीत धरून ठेवणाऱ्या बीडिंगच्या पट्ट्यांना हातही लावू नका. पहाटेचा फोटो काढा, तारखेसह कळवा आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहा. उघडलेली खिडकी वॉरंटीत बसत नाही असं सांगायला त्यांना निमित्त मिळू नये.

टप्पा २: पाणी कुठून येतं ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नवीन काच खराब होण्याचं खरं कारण इथेच असतं. कडेचा थर अधूनमधून भिजला तर टिकतो. दिवसेंदिवस पाण्यात उभा राहिला तर सुटतो.

यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) असो की अॅल्युमिनियम, चौकटीच्या खालच्या भागात पाणी बाहेर जाण्यासाठी लांबट भोकं असतात. बाहेरून त्यांवर छोटी प्लास्टिकची टोपी असते. आपल्याकडे ही भोकं चार कारणांनी बुजतात. शेतातली धूळ पहिल्या पावसात चिखल होऊन बसते. कुंभारमाशी नेमकं हेच भोक बघून मातीचं घर करते. रंगारी पुट्टी आणि रंग मारताना भोक दिसू देत नाही. आणि आपण स्वतः सिलिकॉन भरतो.

खराट्याची काडी घालून भोकं मोकळी करा. मग खालच्या ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओता आणि बाहेर जाऊन पाहा. पाणी लगेच बाहेर पडायला हवं. साचून राहिलं किंवा घरात झिरपलं, तर पुढे जाऊ नका.

खिडकीखालची कडप्पा किंवा ग्रॅनाइटची फरशीही पाहा. तिचा उतार बाहेर हवा. उतार आत असेल तर पाणी चौकटीच्या बुडाशीच थांबतं, आणि त्याला मिस्त्रीच लागेल. खिडकीला लागून कूलर असेल तर त्याचं पाणी चौकटीवर उडतं का, हे तो चालू करून बघा. उन्हाळाभर रोज भिजणारी खिडकी पावसाळ्यातल्या खिडकीपेक्षा वाईट अवस्थेत असते.

टप्पा ३: माप

सगळ्यात महाग चुका इथे होतात. टफन काच (भट्टीत तापवून मजबूत केलेली) भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, घासून कमी करता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. ५ मिमी मोठी आलेली काच म्हणजे फुकट गेलेली काच.

दिसणारी काच मोजू नका. पट्टीखाली लपलेला भाग त्यात येत नाही. युनिटचं माप कडेपासून कडेपर्यंत लागतं.

मापासाठी चारही पट्ट्या एकदम काढायच्या नाहीत. आधी डावी आणि उजवी उभी पट्टी काढा आणि रुंदी वर, मधे व खाली अशा तीन ठिकाणी मोजा. पट्ट्या परत लावा. मग वरची आणि खालची काढून उंची तीन ठिकाणी मोजा. पट्टी काढायची रीत टप्पा ६ मध्ये आहे. पट्ट्या निघालेल्या असताना ज्या खाचेत काच बसते, त्या खाचेचंही पूर्ण माप घ्या. काच त्यापेक्षा साधारण १० मिमी कमी असायला हवी, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिमी मोकळं. जुनी काच खाचेला घासूनच बसलेली दिसली तर तिचं माप जसंच्या तसं देऊ नका. खाचेच्या सगळ्यात लहान मापातून १० मिमी वजा करा.

खाचेचे दोन्ही कर्णही मोजा. त्यांत चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर चौकट कललेली आहे. ती सरळ केल्याशिवाय कितीही नेमकी काच आणली तरी एका कोपऱ्यावर ताण येणारच.

सगळं माप मिलिमीटरमध्ये. आपले मिस्त्री सुतात मोजतात, आणि लाकूडकामाला ते चालतं. पण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीपेक्षा थोडं जास्त. दोन्ही बाजूंना सुताची चूक झाली की ६ मिमी गेले, आणि तुमच्याकडे एका बाजूला फक्त पाचच मोकळे आहेत.

जाडी व्हर्नियरने (जबड्यात धरून जाडी मोजायच्या अवजाराने) मोजा, डोळ्याने नाही. ५ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ५ मिमी काच असं २२ मिमीचं युनिट असतं, किंवा ६, १२, ६ असं २४ मिमीचं. बीडिंगची पट्टी त्याच जाडीसाठी बनलेली असते. २ मिमी जाड काच आली तर पट्टी बसणार नाही, पातळ आली तर काच खडखडेल आणि पाणी आत येईल.

टप्पा ४: ऑर्डर देताना कागदावर काय लिहायचं

फोनवर माप सांगू नका. कागदावर लिहा, त्याचा फोटो पाठवा आणि समोरच्याकडून तेच माप लिहून परत मागवा. रुंदी आधी, उंची नंतर, आणि दोन्हींपुढे तो शब्द लिहा. नुसतं ‘९०० × १२००’ लिहिल्यावर आडवी काच उभी होऊन येते.

त्यानंतर एकूण जाडी आणि तिची फोड. काच टफन आहे का ते जुन्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का पाहून ठरवा. दारात किंवा जमिनीपासून कमी उंचीवर असेल तर टफनच मागा.

जुन्या काचेला उष्णता अडवणारं कोटिंग आहे का, हे घरीच कळतं. अंधारात काचेसमोर दिवा धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. एकाचा रंग बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा असेल तर कोटिंग आहे, आणि नवीन काचेतही ते मागावं लागेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या भागात ते बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असायला हवं. युनिटवर ‘बाहेरची बाजू’ अशी चिठ्ठी लावून मागा, म्हणजे बसवताना उलटी बसणार नाही.

कडेच्या थराबद्दलही लिहा: आत ब्युटाइल, बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन, स्पेसरमध्ये दाणे भरलेले. एकाच थरावर स्वस्तात बनवून देणारे भेटतात. ती काच घेऊ नका, तुम्हाला हेच काम पुन्हा करायचं नाही. घर चिखलदऱ्याला असेल तर तेही सांगा. गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, सखल भागात सील केलेलं युनिट वर नेलं की हवेचा दाब कमी झाल्याने काचा बाहेर फुगतात. कारखान्याला त्याची सोय करावी लागते.

टप्पा ५: वेळ, माणसं, आणि काच गावापर्यंत आणणं

काच बदलायला दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. खाच कोरडी असते, ऊन सोसवतं. पावसाळ्यात ओली खाच बंद कराल, आणि मे महिन्याच्या दुपारी यूपीव्हीसी फुगलेलं असल्याने पट्ट्या निघताना आणि बसताना त्रास देतात. नाइलाज असेल तर सकाळी लवकर करा.

काचेचं वजन प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. चार फूट बाय तीन फुटाच्या खिडकीत ५ मिमीच्या दोन काचा म्हणजे सुमारे २८ किलो. एकट्याने उचलायची नाही.

नागपूरहून किंवा अमरावतीहून छोट्या गाडीतून आणताना काच उभीच आणा. आडवी ठेवली की खड्ड्यात मधोमध जाते. खाली तणसाचा किंवा जुन्या पोत्यांचा जाड थर, मागे फळी, पट्ट्याने बांधलेली, आणि दोन्ही काचांचा भार खालच्या कडेवर सारखा. एकाच काचेच्या कडेवर युनिट टेकलं तर नवाकोरा थर वाटेतच सुटतो. घरी आल्यावर अंगणात उन्हात टेकवून ठेवू नका. सावलीत, दोन लाकडी पट्ट्यांवर, भिंतीला थोडी कलती उभी करा.

घ्यायचं सामान: जाड हातमोजे, चष्मा, बंद बूट, रुंद पुट्टीपट्टी, रबरी हातोडा, काच उचलायचे रबरी सक्शन कप, काचेखाली ठेवायचे प्लास्टिकचे पॅकर (१ ते ५ मिमी जाडीचे), मार्कर, सुती फडकं.

> तपासा: जुनी काच काढण्याआधी नवीन काच मोजा. रुंदी आणि उंची टेपने, जाडी व्हर्नियरने, तिन्ही. कडेचा थर चारही बाजूंनी सलग आहे का तेही पाहा. हे सगळं जमल्यावरच पुढची पायरी.

टप्पा ६: जुनी काच काढणं

सरकती खिडकी असेल तर पल्ला आधी खाली उतरवा. वरच्या ट्रॅकमध्ये पल्ला निघू नये म्हणून छोटा ठोकळा स्क्रूने बसवलेला असतो, तो काढा. मग पल्ला वर उचलून त्याची खालची बाजू आत ओढा. टेबलावर चादरीची घडी टाकून त्यावर काम करा, पट्टीची बाजू वर. उभ्या खिडकीपेक्षा हे कितीतरी सोपं आणि सुरक्षित आहे.

काच पक्क्या चौकटीत असेल तर एका माणसाने पूर्ण वेळ काचेला हात लावून उभं राहायचं. शेवटची पट्टी निघाली की काच आत कोसळू शकते. पट्ट्या बाहेरच्या बाजूला असतील आणि खिडकी वरच्या मजल्यावर असेल, तर हे काम घरी करू नका.

आता पट्ट्या. सगळ्यात लांब पट्टीपासून सुरुवात करा, आणि तिच्या मधोमध. पट्टी आणि चौकटीच्या सांध्यात पुट्टीपट्टी घाला, हातोड्याने हलके ठोका, चौकटीकडून अलगद उचला. कोपऱ्यातून सुरुवात केली की कोपऱ्याचा तिरका कापच तुटतो. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, त्याचे व्रण जात नाहीत. आणि पुट्टीपट्टीची टेकण काचेवर कधीही घेऊ नका.

निघालेल्या प्रत्येक पट्टीच्या आतल्या अंगाला नंबर टाका: वर १, उजवी २, खाली ३, डावी ४. पट्ट्या सारख्या दिसतात, पण कापताना एक-दोन मिलिमीटरचा फरक राहिलेला असतो.

काच काढताना खालचे पॅकर कुठे आणि किती जाडीचे होते, याचा मोबाइलवर फोटो काढा. कुठे पॅकरच नव्हते, कुठे लाकडाचा तुकडा कोंबलेला होता, हेही इथेच कळतं.

टप्पा ७: खाच साफ करणं आणि पॅकर

खाचेतली माती, मेलेले किडे, जुना सिलिकॉन सगळं खरवडून काढा. ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पाण्याची भोकं आता आतूनही दिसतील. पेलाभर पाणी ओतून पुन्हा बघा, मग पुन्हा वाळवा.

काच आणि चौकटीमधलं रबराचं गॅसकेट आखडलं असेल, कोपऱ्यात फट पडली असेल, तर ते नवीन घ्या. काचेच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

पॅकर म्हणजे काचेखालचे प्लास्टिकचे तुकडे. ते काचेला खाचेच्या तळापासून वर धरतात, म्हणजे खाली पाणी आलं तरी कड त्यात बुडत नाही. पक्क्या आणि सरकत्या खिडकीत खाली दोन लावा, प्रत्येक कोपऱ्यापासून रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर. बिजागरीच्या पल्ल्यात बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्याजवळ आणि त्याच्या कर्णाने समोरच्या वरच्या कोपऱ्याजवळ पॅकर येतात. तसे लावले की पल्ला खाली झुकत नाही.

पॅकर इतका रुंद हवा की दोन्ही काचा त्यावर टेकतील. तो पाण्याच्या भोकावर येता कामा नये. आणि लाकूड, पुठ्ठा, सायकलच्या ट्यूबचे तुकडे चालणार नाहीत. लाकूड पावसात फुगतं, पुठ्ठा लगदा होऊन ओल धरून ठेवतो, ट्यूब दबते.

टप्पा ८: नवीन काच बसवणं

चिठ्ठी पाहून बाहेरची बाजू बाहेर करा. आधी काचेची खालची कड पॅकरवर टेकवा, मग वरची बाजू हळूहळू आत ढकला. कोपऱ्यावर टेकवून फिरवू नका. टफन काच मधोमध धक्का सोसते, पण कोपऱ्यावरच्या छोट्या आघातानेही तिचा भुगा होतो.

चारही बाजूंचं अंतर सारखं आहे का पाहा. नसेल तर काच काढून पॅकर बदला. पट्टी ठोकून काच जागेवर आणायचा प्रयत्न करू नका.

पट्ट्या उलट क्रमाने: आधी छोट्या, मग लांब. लांब पट्टीची दोन्ही टोकं कोपऱ्यात बसवा, मधला फुगवटा हाताने दाबा, मग रबरी हातोड्याने टोकांकडून मध्याकडे ठोकत या. ‘टक’ असा आवाज आला की खाचेत बसली.

गॅसकेट नीट असेल तर सिलिकॉन लागत नाही. जुन्या अॅल्युमिनियम चौकटीत लागलाच तर न्यूट्रल सिलिकॉन घ्या. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन कडेच्या थराला खातो, आणि छोट्या दुकानांत बहुधा तोच स्वस्तात मिळतो. पाण्याची भोकं मात्र कुठल्याही सिलिकॉनने भरायची नाहीत.

> तपासा: पल्ला ट्रॅकमध्ये परत बसवल्यावर वरचा ठोकळा स्क्रूने पुन्हा लावला का? तो राहिला तर वादळात पल्ला उचलला जाऊ शकतो.

भोक पाडून किंवा काच उघडून दुरुस्ती?

काचेला बारीक भोक पाडून आतली वाफ सोडायची युक्ती सांगितली जाते. टफन काचेला भोक पाडलं की ती तिथेच फुटते. साध्या काचेत धुकं काही दिवस कमी होईल, पण कडेचा थर सुटलेलाच राहतो आणि आपल्याकडची धूळ आत जायला नवीन वाट मिळते. मी हा उपाय कोणालाही सांगणार नाही.

युनिट उघडून, धुऊन, पुन्हा सील करणं लहान व्हेंटिलेटरपुरतं जमतं, आणि तेही काचेला कोटिंग नसेल तर. धुवायला गॅरेजात मिळणारं, बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी घ्या (बॅटरीतलं आम्ल नव्हे). बोअरच्या पाण्याचे क्षार आत बसले की कायमचे. ओल शोषणारे दाणे नवीन आणि सीलबंद पाकिटातले हवेत, आणि ते पाकीट शेवटच्या क्षणी फोडायचं. फेब्रुवारीतली दव उडून गेल्यानंतरची सकाळ त्यासाठी योग्य. दुपारी कडक उन्हात सील केलं तर रात्री आतली हवा आकसून काचा आत ओढल्या जातात. नीट केलेलं सीलही कारखान्यातल्या सीलइतकं टिकत नाही. काचेच्या आतल्या अंगावर दुधी डाग पडून ते पुसून जात नसतील, तर काच पाण्याने खाल्ली गेली आहे. तिथे धुण्याचा उपयोग नाही.

पहिल्या वर्षात काय बघायचं

बिलावर काच बसवल्याची तारीख आणि युनिटची मापं लिहून ठेवा. मिरगाच्या आधी पाण्याची भोकं पुन्हा खराट्याच्या काडीने साफ करा, कुंभारमाशीचं घर असेल तर काढा, आणि पेलाभर पाणी ओतून बघा. पहिल्या जोराच्या पावसात खिडकीच्या आतल्या खालच्या कोपऱ्यांना बोट लावा. ओल लागली तर पट्टी किंवा गॅसकेट तिथे नीट बसलेलं नाही, त्या एकाच पट्टीचं काम आहे. डिसेंबरच्या थंड पहाटे काच स्वच्छ दिसली तरी संध्याकाळी एकदा बर्फाचा डबा लावून पाहा, आणि काही उमटलं तर काच पुरवणाऱ्याला त्याच आठवड्यात फोटोसह कळवा.